हात, चाक आणि थापटणे : कुंभारविद्येच्या शिक्षणाचा एक साहित्येतिहास

जबलपूर शहराच्या दक्षिणेस, नर्मदेच्या उत्तर तीरावर ग्वारीघाट आहे. गौरीघाट असेही त्याचे नाव घेतले जाते. परिक्रमावासीयांचा राबता, सायंकाळची आरती आणि पाण्यावर सोडलेले दिवे यांमुळे तो दूरवर परिचित आहे. या निबंधाचा विषय घाटाचे माहात्म्य नाही, घाटावरील माती आहे. नर्मदेच्या काठी बसून भाविक ओल्या मातीचे पार्थिव लिंग करतो, त्याची पूजा करतो आणि ते त्याच पाण्यात विसर्जित करतो. त्यासाठी चाक लागत नाही, आवा लागत नाही, कुंभारही लागत नाही. पूजेसाठी विकत घेतलेली मातीची पणती मात्र चाकावरून उतरलेली आणि आव्यात भाजलेली असते. पहिली वस्तू कोणीही, कधीही, कोणाकडून न शिकता करू शकतो. दुसरीमागे एखाद्या घराण्याचा कित्येक पिढ्यांचा सराव असतो. हाताने घडविणे आणि चाकावर घडविणे यांमधील हे अंतर आपल्या वाङ्मयाने कसे पाहिले आणि त्यात शिकणाऱ्याला कोठे जागा दिली, हा येथील प्रश्न आहे.

यासाठी ग्वारीघाटच निवडण्यास दोन कारणे आहेत. जबलपूरच्या पश्चिमेस, भेडाघाटच्या वाटेवर तेवर हे गाव आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. सागर विद्यापीठाच्या वतीने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ मध्ये तेथे उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी वासुदेव विष्णु मिराशी यांचा कलचुरी-चेदी शिलालेखांचा संग्रहही बाहेर पडला. एका मराठी विद्वानाने त्रिपुरीचे दगड वाचले, दुसऱ्याने त्रिपुरीची खापरे. दगडांची कीर्ती अधिक झाली, हे स्वाभाविक आहे. दुसरे कारण राजकीय भूगोलाचे आहे. भोसल्यांच्या सत्तेपासून १८१७ पर्यंत आणि पुढे मध्य प्रांताच्या स्थापनेपासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि विदर्भ यांचा कारभार एकमेकांत गुंतलेला होता. कुंभारकामाची हिंदी आणि मराठी परिभाषा येथे शेजारी नांदली: 'चाक' दोहोंकडे समान, 'आँवा' आणि 'आवा' यांत केवळ उच्चाराचा फरक, 'थापा' आणि 'थापटणे' ही तर एकाच धातूची अपत्ये. तौलनिक अभ्यासाला इतकी सोयीची सीमा क्वचितच मिळते.

पुरातत्त्वाने दिलेली साक्ष प्रथम पाहू. नर्मदेवरच, महेश्वरच्या समोरच्या तीरावरील नावडातोली येथे १९५२-५३ आणि १९५७-५९ या काळात झालेल्या उत्खननांनी ताम्रपाषाणयुगीन भांड्यांचे मोठे भांडार उजेडात आणले. गोदावरीच्या खोऱ्यात प्रवरेकाठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात हसमुख धीरजलाल सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोदकाम केले. तेथे घराच्या जमिनीखाली पुरलेली बालके सापडली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांत मुलाच्या अस्थी, अशी ही दफनाची रीत. लक्षणीय गोष्ट अशी, की याच लोकांची खाण्यापिण्याची नाजूक, चित्रित जोर्वे भांडी चाकावर घडविलेली आहेत, तर मुलांना पोटात घेणारे राखाडी कुंभ जाड आणि हातघडणीचे आहेत. चाक अवगत असलेल्या समाजाने मृतांसाठी मुद्दाम हाताकडे वळावे, याचे स्पष्टीकरण केवळ आकाराच्या सोयीने होते असे मला वाटत नाही. मोठी भांडी हाताने करणे सोपे जाते हे खरे. पण विधीच्या वस्तूला जुने तंत्र चिकटून राहते, हा अनुभव इतरत्रही येतो.

वैदिक वाङ्मयात हा भेद शब्दांत उतरला आहे. अग्निहोत्राच्या संदर्भात मैत्रायणी संहिता कुलालाने चाकावर फिरवून केलेल्या पात्राला असुरांचे ठरविते. देवांसाठी हवी असलेली स्थाली चाकाशिवाय घडविलेली असावी, असा तेथील आग्रह आहे. प्रवर्ग्य विधीतील महावीर हे पात्रही हातानेच घडवायचे असते. त्याच्या मातीत वारुळाची माती आणि वराहाने उकरलेली माती मिसळतात आणि घडल्यावर त्याला घोड्याच्या लिदीची धुरी देतात. महाराष्ट्रातील कुंभार आजही मातीत घोड्याची किंवा गाढवाची लीद मिसळतो. दोहोंत अखंड परंपरा आहे असे सुचविण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. लिदीतील तंतू मातीला धरून ठेवतात आणि वाळताना पडणारे तडे कमी करतात, एवढे कारण कुंभाराला पुरेसे आहे. अग्निचयनात यजमानाची पट्टराणी अषाढा नावाची वीट आपल्या हातांनी करते, असे शतपथ ब्राह्मण सांगते. विधीच्या क्षेत्रात स्त्रीचा हात मातीला लागतो, ही नोंद पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

येथवरच्या पुराव्यावरून एक कामचलाऊ विभागणी दिसते. देव, मृत आणि मुले यांच्यासाठी हात. संसार आणि बाजार यांच्यासाठी चाक. मुलांचा उल्लेख अकारण केलेला नाही. बेंदूर आणि पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचा किल्ला, हरतालिकेची वाळूची पिंड ही मराठी घरातील मातीकामाची पहिली शाळा आहे आणि ती सर्वस्वी हाताची आहे. तेथे गुरू नाही, परीक्षा नाही आणि भाजणेही नाही.

आता वाङ्मयातील शिकणाऱ्याचा शोध घेऊ. घट हा भारतीय तत्त्वचिंतनाचा सर्वांत लाडका पदार्थ. छांदोग्य उपनिषदात मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सारे जाणले जाते. नैयायिकांच्या घरी घटाशिवाय पान हलत नाही आणि त्याच्या निमित्तकारणांत कुलालासह दंड आणि चक्र हजर असतात. पतंजलीचे महाभाष्य तर गमतीने सांगते, की घट हवा असलेला माणूस कुंभाराच्या घरी जाऊन घट कर म्हणून सांगतो, पण शब्द हवे असलेला कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. या सर्व ठिकाणी कुंभार हा आधीच शिकलेला आहे. त्याने कधी माती वाया घालविली असेल, चाकावरून त्याचा गोळा उडाला असेल, याची कोणाला गरजच पडत नाही. दृष्टान्ताला निष्णात कारागीर लागतो. नवशिक्या दृष्टान्त बिघडवितो.

पाली जातकांतील कुस जातकात मात्र एक उमेदवार भेटतो. कुरूप राजा कुस रुसून माहेरी गेलेल्या प्रभावतीसाठी तिच्या पित्याच्या नगरात जातो आणि राजाच्या कुंभाराकडे अंतेवासी म्हणून राहतो. तो भांडी घडवितो, त्यांवर आकृती उमटवितो, ती राजवाड्यात पोचतात आणि प्रभावती ती कोणाची हे ओळखून झिडकारते. कथा मनोज्ञ आहे, पण तिच्यात शिकणे नाही. कुस हा बोधिसत्त्व आहे. एकदा फिरविलेले चाक त्याच्यासाठी अर्धा दिवस फिरत राहते. अंतेवासीपण हे त्याचे वेषांतर आहे.

मज्झिम निकायातील घटीकार हा कुंभार अधिक जवळचा वाटतो. तो कुदळीने जमीन खणत नाही. नदीच्या काठावरून ढासळलेली किंवा उंदरांनी उकरलेली माती तेवढी कावडीने आणतो आणि केलेल्या भांड्यांची किंमत सांगत नाही. तांदूळ, मूग ठेवून हवे ते न्यावे, एवढेच त्याचे म्हणणे. अहिंसेच्या व्रताने मातीच्या निवडीलाच नियम लावला आहे. काठ ढासळला की नदीने निवडलेली, बारीक, खड्याविरहित माती हाती येते, हे नर्मदेवर बसलेल्या कोणालाही दिसते. व्रताची आणि कसबाची वाट येथे एकत्र येते; संहितेने मात्र व्रताचीच नोंद ठेवली.

शिकण्याच्या प्रश्नाला खरा हात घालते ती अर्धमागधीतील 'उवासगदसाओ' ही संहिता. पोलासपूरचा सद्दालपुत्त हा आजीवक मताचा धनाढ्य कुंभार. महावीर त्याच्या वाळत घातलेल्या भांड्यांपाशी उभे राहून विचारतात, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? नियतिवादी सद्दालपुत्त उत्तर देतो, प्रयत्नावाचून. सारे ठरलेलेच असते. मग कोणी तुझी भांडी फोडली, चोरली किंवा तुझ्या पत्नीवर हात टाकला तर तू त्याला शिक्षा करशील काय, हा पुढचा प्रश्न येतो आणि सद्दालपुत्त स्वतःच्या उत्तरात अडकतो. पुरुषार्थ आणि नियती यांचा वाद एखाद्या राजाच्या दरबारात न होता ओल्या भांड्यांच्या रांगेपाशी व्हावा, हे संहिताकाराचे मोठे औचित्य आहे. कारण मडके प्रयत्नाने होते की नाही, हे कुंभाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरीही येथेही प्रयत्न हा शब्द युक्तिवादापुरता राहतो. बोटांपर्यंत तो उतरत नाही.

म्हणून बोटांकडे वळणे भाग आहे. कुंभारकामाचे शिक्षण आज शहरी कार्यशाळांत दोन भागांत दिले जाते: प्रथम हातघडण, नंतर चाक. हातघडणीत तीन पाठ असतात. मातीचा गोळा तळहातात धरून अंगठा खुपसायचा आणि गोळा फिरवीत कडा चिमटीत पातळ करीत न्यायच्या. मातीच्या वळ्या करून त्या एकीवर एक रचायच्या आणि सांधे आतून पुसून टाकायचे. किंवा माती पोळीसारखी लाटून तिचे तुकडे जोडायचे. जोडण्याच्या जागी दोन्ही पृष्ठे ओरखडून पातळ चिखल लावावा लागतो, नाहीतर वाळताना सांधा उकलतो. नवशिक्याला येथे पहिला धडा मिळतो तो सबुरीचा. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ राहिलेली भिंत असमान वाळते आणि तडकते. चूक झाल्या क्षणी दिसत नाही, दोन दिवसांनी दिसते.

चाकावरची चूक तत्काळ दिसते. गोळा बरोबर मध्यावर बसला नाही, तर तो हातांना हिसके देतो आणि त्यापुढचे काहीच साधत नाही. मध्य साधणे, मग अंगठ्याने पोट उघडणे, मग आतली आणि बाहेरची बोटे समोरासमोर ठेवून माती वर ओढणे आणि शेवटी दोऱ्याने कापून उतरविणे, हा क्रम सांगण्यास चार ओळी लागतात आणि अंगवळणी पडण्यास महिने. शहरी कार्यशाळेतील चाक विजेवर चालते. त्याचा वेग पायाखाली असतो आणि हवा तितका वेळ टिकतो. परंपरागत कुंभाराचे जड चाक जमिनीत रोवलेल्या खुंटीवर तोललेले असते. काठाजवळच्या खाचेत दांडा घालून ते जोराने फिरवायचे, दांडा बाजूस टाकायचा आणि चाक मंदावण्यापूर्वी काम उरकायचे. अशा चाकावर शिकणारा वेगाबरोबर वेगाचा क्षयही शिकतो. मध्य साधण्याचे जड काम भर वेगात, ओठ वळविण्याचे नाजूक काम सरत्या वेगात, अशी विभागणी त्याच्या शरीरात उतरते. विजेच्या चाकाने जुन्या कसबातील हा कालबोध काढून घेतला, ही हानी लहान नाही. अर्थात ज्याचा खांदा तीस वर्षे दांडा फिरवून निकामी झाला आहे, त्याला ही हानी वाटण्याचे कारण नाही.

सांख्यकारिकेत ज्ञानोत्तर देहधारणेसाठी याच सरत्या वेगाचा दृष्टान्त येतो. कुंभाराचे काम संपले तरी चाक संस्काराच्या बळावर काही काळ फिरत राहते, तसे ज्ञान झाल्यावरही शरीर टिकते. येथील 'संस्कार' हा शब्द थांबून पाहण्याजोगा आहे. वैशेषिकांच्या परिभाषेत संस्कार तीन प्रकारचा: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. चाकात उरलेली गती, मनात उरलेला अनुभवाचा ठसा आणि वाकविलेल्या वस्तूचे पूर्ववत होणे ही तिन्ही एकाच नावाखाली येतात. मराठीत आपण मुलावर संस्कार करतो म्हणतो, तेव्हा यांतील दुसरा अर्थ आपल्या मनात असतो. कुंभाराच्या शिक्षणात मात्र पहिले दोन वेगळे करता येत नाहीत: चाकाचा वेग हाताच्या स्मृतीत साठतो. शिकण्याचे शास्त्र या परिभाषेत अव्यक्तपणे होते. ते कोणी कुंभाराच्या पोराच्या दृष्टीने उलगडून लिहिले नाही, एवढेच.

हात आणि चाक हे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, ही समजूतही कार्यशाळेची आहे. बैद्यनाथ सरस्वती आणि नवकिशोर बेहुरा यांनी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासाठी केलेली कुंभारतंत्राची पाहणी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती चाळली की एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते: पाण्याची घागर एकट्या चाकावर पुरी होत नाही. चाकावर तिचा गळा आणि ओठ घडतात, अंग जाडच राहते. ते काहीसे सुकल्यावर कुंभार किंवा कुंभारीण आतून गोल दगडाचा आधार देते आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोके देत ते फुगविते. माती चिकटू नये म्हणून राख लावतात. या ठोक्यांनी भिंत पातळ होते, पोट वाढते आणि बूड गोल बनते. चुलीच्या तीन दगडांवर किंवा डोक्यावरच्या चुंबळीवर बसणारे हे गोल बूड चाकावर होत नाही. ते हाताचे काम आहे. एकच मडके चाकाचे आणि हाताचेही असते.

संतवाङ्मयाने नेमके हेच उपकरण उचलले. तेरचे गोरोबा ज्या प्रसंगामुळे मराठी मनात ठसले आहेत, त्यात चाक नाही. संतांचा मेळा जमला असता मुक्ताबाई कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून ते काय म्हणून विचारतात. मडके कच्चे की पक्के हे यावरून कळते, असे गोरोबा सांगतात आणि मग एकेकाच्या मस्तकावर ते मारीत जातात. इतर मुकाट राहतात, नामदेव कुरकुरतात आणि कच्चे ठरतात. तंत्राच्या दृष्टीने या कथेत एक विसंगती आहे, आणि तीच अर्थपूर्ण आहे. भाजलेले मडके टिचकीने वाजवून पाहतात. थापटणे हे भाजण्यापूर्वीच्या, घडणाऱ्या मडक्याचे साधन आहे. परीक्षेसाठी घडणीचेच उपकरण वापरल्यामुळे नामदेवांवर बसलेला ठोका निकालाचा आहे तसा घडणीचाही आहे. नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात, हे कथेचे पुढील पाऊल या तंत्रार्थाशी जुळते. कच्चेपण हा दोष ठरत नाही. ज्यावर अद्याप काम होऊ शकते अशी ती अवस्था आहे. भारतीय वाङ्मयात नवशिक्याला मिळालेली ही बहुधा सर्वांत सन्मानाची जागा असावी.

कबिराच्या नावावर चालणाऱ्या एका सुप्रसिद्ध दोह्यातही गुरू कुंभार आणि शिष्य घडा आहे; आत आधाराचा हात, बाहेर ठोका. वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा चाक येते. परंतु चाकावर कोणी ठोके देत नाही. हा प्रसंग दगड आणि थाप्याचा आहे. नर्मदेच्या उत्तरेकडील दोहा आणि दक्षिणेकडील कथा एकाच तांत्रिक क्षणावर उभ्या आहेत, हे साम्य प्रभावाने आले की समान कसबाने, हा वाद येथे सोडविण्याची आवश्यकता नाही. कुंभारवाडा दोन्ही भाषांत होता.

महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) गोरोबांच्या चरित्रातील आणखी दोन घटना विस्ताराने येतात. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायाखाली आलेले मूल आणि शपथ मोडल्यामुळे स्वतःचे तोडून घेतलेले हात. कुंभाराच्या पायाने आणि हाताने केलेले अपराध यांहून भीषण कल्पिता येणार नाहीत. मग हात नसलेल्या भक्ताच्या घरी पांडुरंग स्वतः कुंभारकाम करतो. मातीकामाचा प्रत्येक अवयव या चरित्राने एकेक करून संकटात घातला आहे, आणि हे एखाद्या परक्या निरीक्षकाने रचलेले वाटत नाही.

आधुनिक मराठीत प्रतिमा बदलली. 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटातील गदिमांच्या गीतात विठ्ठल कुंभार आहे आणि त्याचे चाक फिरते आहे. ठोक्याची जागा फिरण्याने घेतली. उमर खय्यामच्या रुबायांतील कुंभाराच्या दुकानात बोलणारी मडकी माधव जूलियन यांच्यामुळे मराठीत आली, तीही तयार मडकीच आहेत; आपल्या घडविणाऱ्याविषयी ती तक्रार करतात. दैव वाटून देणारा कुंभार आणि दैवाविषयी बोलणारे मडके यांच्यामध्ये शिकण्याचा प्रश्न पुन्हा अदृश्य झाला.

इंग्रजी राजवटीने तो वेगळ्या रीतीने अदृश्य केला. रसेल आणि कटनीचे रायबहादुर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यातील कुंभारांच्या पोटजातींची नावे पाहता माल बैलावरून नेणारे, गाढवावरून नेणारे आणि डुकरे पाळणारे असे भेद आढळतात. मध्य प्रदेशातील कुंभारांत हथरेटिया आणि चकरेटिया हीही नावे प्रचलित आहेत. हथरेटिया म्हणजे हाताने चाक फिरविणारे, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. म्हणजे हाताच्या नावाने ओळखला जाणाराही चाकावाचून नाही. कसबातील एक पायरी जातीचे नाव झाली आणि शिक्षण हे जन्माचे उपांग ठरले. जे जन्मतःच येते ते शिकविण्याची पद्धत कोण लिहून ठेवणार?

दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपुरात बर्न आणि कंपनीचा तसेच परफेक्ट पॉटरीचा कारखाना नावारूपाला आला होता. जबलपूरच्या टेकड्यांतील पांढरी माती त्यांना उपयोगी पडली. कौले, विटा, सांडपाण्याचे नळ हा तेथील माल. त्यासाठी साचा आणि दाबयंत्र पुरेसे होते. कुंभारकामाच्या इतिहासात हात आणि चाक यांच्या जोडीला साचा आला, तो मजुराकडून कसबाची अपेक्षा न ठेवता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने चाललेल्या भांड्यांच्या कामाचा ओढा सिंधी झिलई आणि अजिंठ्याच्या नक्षीकडे होता, मातीपेक्षा पृष्ठभागाकडे. जातीबाहेरच्या माणसाला कुंभारकाम शिकविण्याचा गंभीर विचार पुढे गांधीप्रणीत ग्रामोद्योगाच्या चळवळीत झाला. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९५०च्या दशकात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या द्वारे कुंभारकामाचे प्रशिक्षण उभे केले. १९५६ पूर्वी भद्रावती आणि ग्वारीघाट एकाच मध्य प्रदेश राज्यात होते, हे आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभारकामाची केंद्रीय संस्था चालविली. या संस्थांनी कसब वर्गात आणले, मापात आणले, तापमानात आणले. उघड्या आव्याची आठशे-नऊशे अंशांपलीकडे सहसा न जाणारी आच आणि बंद भट्टीची बाराशेवरची आच यांतील भेद शिकणाऱ्याला आकड्यांत कळू लागला.

तरीही एक अडसर या संस्थांच्या दारातून आत आला. भारताच्या बहुतेक भागांत कुंभाराच्या घरातील स्त्री चाकाला हात लावत नाही. ती माती आणते, चाळते, मळते, थापटण्याने मडके फुगविते, रंगविते, आवा रचण्यास मदत करते आणि बाजारात बसते. चाक तेवढे वर्ज्य. याचे कारण म्हणून तिची शारीरिक ताकद पुढे केली जाते; पण मणिपुरातील आंद्रो गावी चाकाशिवाय, निव्वळ हाताने भांडी घडविण्याचे कसब स्त्रियांचेच आहे आणि तेथील काम हलके नाही. हात स्त्रीचा आणि चाक पुरुषाचे, ही विभागणी वेदांतील देव-असुर विभागणीच्या नेमकी उलट प्रतिष्ठा देते: तेथे हातघडण श्रेष्ठ होती, येथे ती दुय्यम आणि बिनमोबदल्याची आहे. मडक्याचे अर्धे अंग जिच्या ठोक्यांनी पुरे होते, तिला खानेसुमारीच्या रकान्यात कुंभाराची सहायक म्हणतात. थापटण्याच्या कथेत प्रश्न मुक्ताबाई विचारतात, हा योगायोग असेलही.

२०१८ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने कुंभार सशक्तीकरण योजनेखाली विजेच्या चाकांचे वाटप सुरू केले, तेव्हापासून ताकदीचा युक्तिवाद टिकत नाही. पुण्यामुंबईच्या कार्यशाळांत तर चाकावर बसणाऱ्या नवशिक्यांत स्त्रिया भरपूर दिसतात. तेथे 'सेंटरिंग', 'कॉईल', 'स्लॅब' हे शब्द रूढ आहेत. वळी, थापटणे, लीद, आवा हे शब्द तेथवर पोचलेले नाहीत, आणि ज्यांच्या घरी ते शब्द आहेत त्या घरांतील मुली तेथवर पोचण्याची शक्यता कमीच, कारण अशा वर्गाचे शुल्क मडक्यांच्या विक्रीतून निघत नाही. उत्तर आणि मध्य भारतातील कित्येक समाजांत लग्नाच्या आधी घरच्या स्त्रिया गाणी म्हणत कुंभाराच्या दारी जातात, चाकाला हळदकुंकू वाहतात, त्यावर दोरा बांधतात आणि मंगलघट घेऊन परततात. कुंभारीण त्यांच्या हाती घट देते. त्याच चाकावर तिने बसायचे नसते.